दोन रिकामे बाइट

मॉरिशसमधील आपल्या घरांतली मुले आता बोटाने पडदा सरकवतात. त्या पडद्याआड काय चालते, हेही त्यांना कळावे असे आम्हांस वाटते.

लिनक्सचे कर्नेल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभाच, उदाहरणाला घ्या. संगणकाच्या स्मृतीत प्रत्येक बाइटला घरासारखा क्रमांक असतो. 4 बाइटांची संख्या 4 ने भाग जाणाऱ्या क्रमांकावर सुरू व्हावी, हा शिरस्ता. पण इथरनेटवरून येणाऱ्या निरोपाचे शीर्ष पडले 14 बाइटांचे! साहजिकच त्यामागचा आयपीचा मजकूर तिरपा बसतो. इंटेलचा प्रोसेसर ते निमूट चालवून घेतो. स्पार्क आणि अल्फा मात्र तेथेच अडत. मग कर्नेलने मध्ये पडून दर वेळी ते वाचन सावरायचे. काम होई, पण रखडत.

सावरले जाते ना, मग बिघडले कुठे, असे म्हणणारे भेटतात. आम्हांस ते पटत नाही. विद्यार्थ्याची तीच चूक शिक्षकाने रोज गुपचूप खोडून द्यावी, तसे हे झाले. खरी दुरुस्ती ड्रायव्हरमध्ये, आणि तीही एका ओळीची: निरोप ठेवण्याआधी 2 बाइट रिकामे सोडा. 14 नि 2 मिळून 16.

इंटेलवर हे 2 बाइट आता सोडत नाहीत, कारण तेथे तिरपे वाचन स्वस्त पडते. तो हिशेब मोजूनमापून केलेला आहे, त्याला आमची हरकत नाही. मात्र ड्रायव्हर लिहिणाऱ्याने तो एकदा तरी अडणाऱ्या यंत्रावर चालवून पाहावा. खपवून घेणाऱ्या यंत्रावर ही चूक वर्षानुवर्षे दिसतच नाही.