'भारताची पहिली शॅम्पेन' : एका चुकीच्या शब्दाचा इतिहास (थ्रेड)

"नारायणगावात भारताची पहिली शॅम्पेन तयार झाली" हे वाक्य इतिहासप्रेमींमध्ये मोठ्या अभिमानाने फिरत असते. अभिमान रास्त आहे, शब्द चुकीचा आहे. आणि त्या शब्दापायी या इतिहासातला शेतकरीच दिसेनासा होतो.

१९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे, पायपर-हायडसीक या फ्रेंच कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने फेसाळ वाइन तयार केली. 'ओमर खय्याम' या नावाने ती परदेशातही गेली. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवणे, महिनोन्महिने मुरवणे, बाटल्या थोड्या थोड्या फिरवत गाळ तोंडाशी आणून काढून टाकणे, ही सारी किचकट रीत सह्याद्रीच्या पूर्वेकडील उष्ण पठारावर साधली गेली. या कर्तृत्वाला उसन्या नावाची गरजच नव्हती. तरीही कंपनीच्या नावात 'शॅम्पेन' होते. ते पुढे गळून पडले.

"नावात काय आहे?" असे विचारणाऱ्यांनी कोकणात यावे. सावित्रीकाठच्या सव गावापासून देवगडपर्यंत, कर्नाटकचा आंबा 'हापूस' म्हणून विकला गेला की संताप होतो. २०१८ साली रायगडसह कोकणातील पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा याच मंडळींनी आनंद साजरा केला. शॅम्पेन हाही एका प्रदेशाचा हापूसच आहे. आपले नाव जपायचे आणि दुसऱ्याचे वापरायचे, हा कोणता न्याय?

शिवाय ते नाव फ्रान्समध्येही सुखासुखी राखले गेले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी द्राक्षवेलींवर फायलोक्सेरा किडीचे संकट होते, त्यात ओळीने वाईट हंगाम आले. अशा वेळी काही व्यापारी बाहेरची स्वस्त द्राक्षे आणून त्यांचीच 'शॅम्पेन' करू लागले. १९११ साली शेतकरी उठले. पिंपे फोडली गेली, आय गावात व्यापाऱ्यांच्या इमारती पेटल्या, सरकारला लष्कर धाडावे लागले. प्रदेशाची सीमा कायद्याने पक्की झाली ती १९२७ साली. 'शॅम्पेन' हा शब्द आज श्रीमंतीचा वाटतो. त्यामागे शेतकऱ्यांचा दंगा आहे.

आजही तेथील सुमारे नव्वद टक्के द्राक्षमळे शेतकऱ्यांच्या मालकीचे आहेत, मात्र बहुतांश विक्री मोठ्या कंपन्यांच्या हाती आहे. म्हणूनच स्वतःच्या मळ्यातील द्राक्षांची शॅम्पेन स्वतःच करणाऱ्या कुटुंबांचे महत्त्व. आवीझ गावचे सेलोस घराणे त्यांपैकी एक. ज्याक यांचा मुलगा आन्सेल्म बरगंडीत शिकून परतला आणि बापाच्या मळ्यातील वाइनला त्याने जगभर मान मिळवून दिला. अशा बाटलीवर बारीक अक्षरांत 'आर.एम.' असे लिहिलेले असते : पिकवणारा आणि बनवणारा एकच.

महाराष्ट्रात ही वाट उघडली होती. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क आले, अनेक बागायतदारांनी स्वतःच्या वायनरी काढल्या. मग २००८-०९ ची मंदी आली. मागणी घटली, वाइनची द्राक्षे घेणारा उरला नाही आणि नाशिक परिसरात कित्येकांनी वेली उपटून टाकल्या. 'पहिली शॅम्पेन' सांगणाऱ्या किती पोस्टमध्ये हे येते?

'भारतातील पहिल्या फेसाळ वाइनपैकी एक' असे लिहिल्याने नारायणगावचे काहीही कमी होत नाही. फक्त मग पुढचा प्रश्न टाळता येत नाही : त्या बाटल्यांतली द्राक्षे कोणाची होती, आणि त्याला भाव काय मिळाला?