सुरीचे नाव आणि बळीचे

जयपूरहून आग्र्याकडे निघाले की वाटेवर कानोता लागते. येथे आम्हां चार मराठी नोकरदार कुटुंबांचा रविवार एकत्र जातो. गेल्या रविवारी तरुण मंडळींनी लंडनच्या गल्लीबोळांतील खुनांचा एक स्वस्तातला इंग्रजी भयपट लावला. तो संपला तेव्हा मारेकऱ्याचा मुखवटा सर्वांच्या ध्यानात होता. मेलेल्यांपैकी एकाचेही नाव कोणास सांगता येईना. वडीलधाऱ्यांनी निकाल दिला, "असले चित्रपट बंदच करावेत!" आम्हांस हा निकाल मान्य नाही.

भय दाखविणे हा गुन्हा नव्हे. मायकेल पॉवेल यांच्या 1960 च्या 'पीपिंग टॉम'मधील लंडनचा खुनी मरणाऱ्या स्त्रियांची भीती कॅमेऱ्याने टिपतो. आणि आपणही त्याच कॅमेऱ्यामागे उभे आहोत, हे पाहणाऱ्यास कळून चुकते. समीक्षकांनी त्या चित्रपटास झोडपून काढले. त्याने प्रेक्षकालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, हेच त्यांना झोंबले असावे.

आमची तक्रार निराळी आहे, आणि ती साहेबाच्या घरची नसून आपल्याच घरची आहे. 1976-77 मध्ये पुण्यात जोशी-अभ्यंकर हत्याकांड झाले. दहा माणसे मारली गेली. चौघा गुन्हेगारांना 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यास फाशी झाली. 1986 मध्ये त्यावर 'माफीचा साक्षीदार' हा चित्रपट निघाला; नावातही मान मिळाला तो गुन्ह्यातल्या भागीदाराला! आजही बैठकींत मारेकऱ्यांची नावे तोंडपाठ असतात. पण बळी पडलेले काशिनाथशास्त्री अभ्यंकर कोण, असे विचारून पाहावे! संस्कृत व्याकरणाचा कोश रचणारे हे विद्वान. तो कोश 1961 साली बडोद्याहून निघाला. शब्दाशब्दाचा अर्थ जपणाऱ्या या माणसाला आपण एका खटल्याच्या नावापुरते उरविले.

याच कानोत्याच्या अमरसिंहांनी 1898 पासून 1942 पर्यंत रोजनिशी लिहिली. तिचे 89 खंड भरले. साधा दिवसही नोंदण्याजोगा असतो, हे त्यांस उमगले होते. आम्ही तर फायलींवर जगणारे लोक. नोंद नसली म्हणजे माणूस कसा नाहीसा होतो, हे आमच्याहून अधिक कोणास ठाऊक?

म्हणून आमचे सांगणे एवढेच: भयपट जरूर काढावेत, जरूर पाहावेत, पण सुरी चालण्यापूर्वी त्या माणसाचे जगणे दाखवावे. त्याला पैसा लागत नाही, माणुसकी लागते.