उमेदवारी मागायला शिकवू या!

दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि पुढचे वर्ग सुरू होईपर्यंत मुलांच्या हाती दोन-अडीच महिने मोकळे उरतात. मध्यमवर्गीय घरांत या दिवसांचे नियोजन बहुधा ठरलेले असते. प्रवेश परीक्षांच्या शिकवणीत नाव घालायचे, एखादा संगणकाचा वर्ग लावायचा आणि जमल्यास चार दिवस गावी जाऊन यायचे. एखाद्या छापखान्यात, रोपवाटिकेत, पतपेढीत वा दवाखान्यात आठ-दहा दिवस जाऊन तिथले काम जवळून पाहावे, झेपेल तेवढे हाताने करावे, हा विचार मात्र फारसा कोणाला शिवत नाही. आपल्याकडे याला एक सुंदर शब्द आहे, ‘उमेदवारी’. त्या शब्दात उमेद आहे. आज निवडणुकीखेरीज तो क्वचितच कानी पडतो, हे आपल्या शिक्षणविचारावरचे भाष्यच म्हटले पाहिजे.

श्रम आणि शिक्षण यांची सांगड घालण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवणारी योजना मांडली. १९६६ साली कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ हा शालेय शिक्षणाचा अविभाज्य भाग असावा, अशी शिफारस केली. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याचा आग्रह धरला. प्रत्यक्षात काय झाले? असंख्य शाळांत कार्यानुभव म्हणजे कागदी फुले आणि मेणबत्त्या, असे समीकरण होऊन बसले. मुलाची ‘वस्तू’ आदल्या रात्री आईने बनवायची, मुलाने ती शाळेत न्यायची आणि शिक्षकांनी तिला गुण द्यायचे! अनुभव आईला आणि गुण मुलाला, असा हा व्यवहार होता.

याला सन्माननीय अपवादही आहेत. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे आकाराला आलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या अभ्यासक्रमात शाळेतली मुले अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या क्षेत्रांतील कामे आठवड्यातून एक दिवस प्रत्यक्ष करतात. गावाच्या उपयोगी पडेल असे काम करत शिकणे, हे त्याचे सूत्र. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा ‘दप्तराविना’ दिवस सुचवले. त्या काळात मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांच्या हाताखाली शिकावे, ही अपेक्षा आहे. बारावीपर्यंत, सुट्टीच्या काळातही, अशी संधी मिळावी असे हे धोरण म्हणते. मात्र धोरण दार दाखवते. उंबरठा ओलांडायचा तो मुलांनीच.

खरा प्रश्न इथेच उभा राहतो. आपल्या घरांत अशी संधी शोधायची ठरलीच, तर वडील दूरध्वनी उचलतात. “आमचा चिरंजीव आठ दिवस येईल, जरा सांभाळून घ्या,” एवढ्यावर काम होते. यात दोघांची हानी आहे. पहिली आपल्याच मुलाची. अनोळखी माणसासमोर उभे राहणे, आपल्याला काय शिकायचे आहे ते नेमके सांगणे, नकार ऐकून पुढच्या दारी जाणे, हे उमेदवारीतले पहिले आणि कदाचित सर्वांत मोलाचे धडे. ते आपण वशिल्याने बुडवतो. दुसरी हानी अशा मुलीची, जिची आई चार घरची धुणीभांडी करते आणि जिच्या घरून कोणत्याही कचेरीत दूरध्वनी जाऊ शकत नाही. तिच्या अंगी गुण असतात, नसते ती ओळख. ओळखीवर वाटलेली संधी गुणवत्तेची भाषा कितीही बोलली, तरी तो अन्यायच ठरतो.

म्हणून मुलांना अर्ज लिहायला शिकवावे. त्यांनी प्रथम घराच्या आसपासच्या कामाच्या पाच-सहा जागांची यादी करावी. अर्ज अर्ध्या पानाचा पुरे. नाव, इयत्ता, शाळा, कोणत्या दिवशी आणि किती वेळ येता येईल, हेच काम का पाहायचे आहे आणि पालकांची संमती, इतके त्यात असावे. ‘मला अनुभव हवा आहे’ असे मोघम लिहिण्यापेक्षा ‘पुस्तकाची बांधणी कशी होते ते शिकायचे आहे’ असे लिहिणारा मुलगा मालकाच्या लक्षात राहतो. अर्ज स्वतः नेऊन द्यावा आणि आठवड्याने नम्रपणे चौकशी करावी. काम सुरू झाल्यावर रोज दैनंदिनी लिहावी आणि शेवटी आभाराचे पत्र द्यावे.

शिकवण्याच्या नावाखाली मुलांना राबवून घेतले जाईल, अशी शंका कोणी घेईल, आणि ती रास्त आहे. २०१६ साली दुरुस्त झालेल्या कायद्यानुसार १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई आहे. कौटुंबिक व्यवसायात शाळेच्या वेळेनंतर वा सुट्टीत मदत करण्यासारखे मोजके अपवाद त्यात आहेत. १४ ते १८ वयोगटाला धोकादायक कामे वर्ज्य आहेत. त्यामुळे लहान मुलांचे शिकणे शाळेच्या देखरेखीखालीच व्हावे. मोठ्या मुलांसाठीही शाळेचे पत्र, ठरलेल्या वेळा आणि जबाबदार व्यक्तीची देखरेख असावी. पालकांनी ती जागा एकदा स्वतः पाहून यावी. मुलांची सुरक्षितता पाहणे हे पालकांचे कर्तव्यच आहे. त्यांच्या वतीने जागा मागणे मात्र नव्हे.

आणि शेवटी आपल्याविषयी. वाचकांपैकी कोणी दुकानदार आहेत, कोणी वकील, कोणी कारखानदार, कोणी शेतकरी. येत्या सुट्टीत आपल्या कामाच्या ठिकाणी एक जागा मोकळी ठेवावी आणि तसे जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना कळवावे. त्यातही नगरपालिकेच्या वा जिल्हा परिषदेच्या शाळेला अग्रक्रम द्यावा. ज्याची शिफारस करायला कोणीच नाही, अशा विद्यार्थ्याचा अर्ज आधी उघडावा. यासाठी ना शासकीय आदेश हवा, ना निधी. हवी ती एक खुर्ची आणि थोडा संयम. एवढे आपल्याला अवघड आहे काय?