विश्लेषण : क्षयजंतूचा ‘जनुकीय ठसा’ रुग्णाच्या किती कामाचा?

बेडक्याचा नमुना तपासून ‘क्षयरोग आहे’ एवढे सांगणे आता पुरेसे राहिलेले नाही. जंतू कोणत्या औषधाला दाद देणार नाही आणि तो कोणत्या साखळीतून आला, हेही त्याच्या जनुकांवरून वाचता येते. देशात दहा हजार नमुन्यांचे असे वाचन झाल्याचे गेल्या वर्षी मार्चमध्ये, म्हणजे २०२५ मध्ये जाहीर झाले. मात्र हे ज्ञान दवाखान्यातल्या रुग्णापर्यंत वेळेत पोहोचते का, हा खरा प्रश्न आहे.

जनुकीय टायपिंग म्हणजे नेमके काय?

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयरोगाचा जंतू शोधला. त्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा हाती आला तो १९९८ मध्ये. सुमारे ४४ लाख अक्षरे आणि जवळपास चार हजार जनुके असा हा मजकूर आहे. एका रुग्णाच्या जंतूतील मजकूर दुसऱ्याच्या जंतूशी ताडून पाहणे, म्हणजे टायपिंग.

नव्वदच्या दशकात या मजकुराच्या काही ठरावीक तुकड्यांचाच ठसा घेता येत असे. त्यावरून जंतूचे घराणे कळे. म्हणजे गावाचे नाव कळे, घरक्रमांक नाही. आता संपूर्ण मजकूर अक्षर न अक्षर वाचता येतो. त्यामुळे एकाच घराण्यातील दोन जंतूंमधला बारीक फरकही दिसतो.

औषध लागू पडणार नाही, हे जनुकांवरून कसे कळते?

क्षयजंतू अतिशय संथ वाढतो. त्यामुळे प्रयोगशाळेत तो वाढवून, त्यावर औषधे टाकून पाहण्यात कित्येक आठवडे जातात. तोवर रुग्ण निरुपयोगी गोळ्या घेत राहतो आणि घरच्यांना संसर्गही देत राहतो.

यावर उपाय जंतूच्या स्वभावातच सापडला. क्षयजंतूत प्रतिरोध येतो तो बहुतांशी त्याच्याच जनुकांत झालेल्या बदलांतून, म्हणजे उत्परिवर्तनांतून. ‘रिफाम्पिसिन’ या मुख्य औषधाला दाद न देणाऱ्या सुमारे ९५ टक्के जंतूंमध्ये हा बदल ‘आरपीओबी’ जनुकाच्या अवघ्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यात असतो. ‘आयसोनियाझिड’साठी ‘कॅटजी’ आणि ‘आयएनएचए’ या जागा पाहतात.

‘सीबीनॅट’ यंत्र हाच पट्टा तपासून दोन तासांच्या आत उत्तर देते. गोव्यातील मोलबायो कंपनीचे बॅटरीवर चालणारे ‘ट्रूनॅट’ही याच तत्त्वावर चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली आणि ही चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेणे शक्य झाले.

मग संपूर्ण मजकूर वाचण्याची गरज का?

कारण झटपट चाचणी जिथे पाहते, तिथलेच तिला दिसते. आफ्रिकेतील इस्वातिनी (पूर्वीचे स्वाझीलँड) या छोट्या देशाने याची किंमत मोजली. तेथील २००९च्या सर्वेक्षणातील बहुऔषध-प्रतिरोधक जंतूंपैकी ३० टक्क्यांमध्ये बदल होता तो नेमका त्या ८१ अक्षरांच्या बाहेर. सीबीनॅटसाठी हे रुग्ण ‘साध्या’ क्षयरोगाचे ठरत होते. ही गोष्ट २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आली.

भारतासाठी दुसरे कारण अधिक तातडीचे आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचारपद्धतीला मंजुरी दिली. पूर्वी वीस महिन्यांपर्यंत चालणारे उपचार त्यामुळे आटोक्यात आले. पण या पद्धतीचा कणा असलेल्या बेडाक्विलिनला जंतू सरावू लागला, तर ते ओळखणार कसे? हा प्रतिरोध ज्या जनुकातून प्रामुख्याने येतो, त्यात बदल एका ठरावीक जागी नव्हे, तर लांबीभर कुठेही होऊ शकतात. तो संपूर्ण जनुक वाचल्याशिवाय पत्ता लागत नाही.

जंतू कोणाकडून आला, हे कसे समजते?

क्षयजंतूच्या मजकुरात साधारण दोन वर्षांत एखादे अक्षर बदलते. म्हणून दोन रुग्णांच्या जंतूंमध्ये पाच किंवा त्याहून कमी अक्षरांचा फरक असेल, तर संसर्ग अलीकडचा आणि एकाच साखळीतला असण्याची शक्यता मोठी. फरक बारापेक्षा जास्त असेल, तर तसा संबंध बहुधा नाही. इंग्लंडमध्ये २०१७च्या सुमारास क्षयजंतूंचे असे वाचन नेहमीच्या तपासणीचा भाग झाले.

मुंबईसारख्या शहरात याला वेगळे महत्त्व आहे. ‘रुग्ण औषधे अर्धवट सोडतात म्हणून प्रतिरोध वाढतो’, असे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. ते खरे आहे, पण अर्धेच. ज्याने क्षयरोगाची एकही गोळी कधी घेतलेली नाही, त्यालाही थेट प्रतिरोधक जंतूचीच लागण होऊ शकते. २०१४-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आधी उपचार घेतलेल्यांपैकी ११.६ टक्के, तर नव्या रुग्णांपैकी २.८४ टक्के जणांना बहुऔषध-प्रतिरोधक क्षयरोग होता. नव्या रुग्णांतील हा आकडा लहान दिसतो, पण त्यांच्याबाबतीत दोष रुग्णाचा नसून दाटीच्या, हवा न खेळणाऱ्या घरांचा आणि उशिरा झालेल्या निदानाचा असतो. जनुकीय ठसा हा फरक पुराव्यानिशी दाखवतो.

भारतात हे काम कुठवर आले?

मुंबईतील हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०११च्या अखेरीस चार रुग्णांचा जंतू तपासलेल्या सर्वच औषधांना दाद देत नसल्याचे वैद्यकीय नियतकालिकात मांडले, तेव्हा खळबळ उडाली होती. ‘संपूर्ण प्रतिरोधक’ या शब्दावर केंद्राने आक्षेप घेतला. पण त्यानंतर, मे २०१२ मध्ये, क्षयरुग्णाची नोंद सरकारकडे करणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाले.

जैवतंत्रज्ञान विभागाने २०२२ मध्ये ‘डेअर टू इरॅड टीबी’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यात ३२,५०० नमुन्यांच्या जनुकीय वाचनाचे उद्दिष्ट आहे. दहा हजारांचा टप्पा त्यातलाच. भारतीय जंतूंची स्वतंत्र नोंद हवी, कारण दक्षिणेत एक घराणे प्रबळ, तर उत्तरेत दुसरे. आणि मुंबईत प्रतिरोधाशी वारंवार जोडले गेलेले ‘बीजिंग’ घराणे तिसरेच.

अडचणी कोणत्या?

पहिली अडचण नमुन्याचीच. बेडक्यात माणसाचा आणि इतर जंतूंचा डीएनए भरपूर असतो, क्षयजंतूचा थोडा. त्यामुळे संपूर्ण वाचनासाठी सहसा जंतू आधी वाढवावा लागतो आणि पुन्हा आठवडे जातात. यावर मधला मार्ग म्हणजे बेडक्यातून थेट निवडक जनुकांचेच वाचन करणे. त्याला जागतिक आरोग्य संघटनेने २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत स्थान दिले आहे. त्यातून एकाच वेळी अनेक औषधांबाबतचे उत्तर काही दिवसांत मिळू शकते.

दुसरी अडचण अर्थ लावण्याची. प्रत्येक बदल म्हणजे प्रतिरोध नव्हे. कोणता बदल कशाचे लक्षण, याची यादी आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रथम काढली आणि २०२३ मध्ये सुधारली. नव्या औषधांच्या बाबतीत ती अजून अपुरी आहे. शिवाय मेलेल्या जंतूचा डीएनएही चाचणीत दिसतो. त्यामुळे रुग्ण बरा झाला का, हे या पद्धतीने ठरवता येत नाही.

तिसरी अडचण माणसांची. साखळी शोधताना ‘याच्यामुळे त्याला झाला’ असा शिक्का कोणा व्यक्तीवर बसता कामा नये. ज्या आजाराने आजही लग्ने मोडतात आणि नोकऱ्या जातात, तिथे ही माहिती गोपनीय राखणे उपचाराइतकेच गरजेचे आहे.

पुढे काय?

जगातील क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे आणि २०२५ पर्यंत क्षयरोग निर्मूलनाचे उद्दिष्ट गाठता आलेले नाही. अशा वेळी दहा हजार आराखडे ही संशोधनाची मोठी कमाई आहे. मात्र आज तिचा उपयोग प्रामुख्याने धोरण ठरवण्यापुरता आहे. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात किंवा एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी दाखल झालेल्या रुग्णाला, त्याच्याच जंतूचा अहवाल उपचाराची पहिली गोळी ठरवताना हाती मिळाला, तर ती कमाई खरी सार्थकी लागेल. त्यासाठी वाचनयंत्रांइतकीच गरज आहे ती नमुना वेळेत पोहोचवणाऱ्या यंत्रणेची, अहवाल समजणाऱ्या डॉक्टरांची आणि त्यात लिहिलेले औषध दुकानात नव्हे, सरकारी केंद्रात खात्रीने मिळण्याची.