विश्लेषण : गेम ‘सेव्ह’ करण्यावरही रेशन? जुन्या भयगेममधला हा जाचक नियम पुन्हा का येतोय?

मोबाइलवर गेम खेळताना मध्येच फोन आला, स्टेशन आले किंवा बॅटरी संपली, तरी फारसे बिघडत नाही. पुन्हा गेम उघडला की खेळ जवळपास तिथूनच सुरू होतो. ‘सर्व्हायव्हल हॉरर’ प्रकारातल्या जुन्या गेममध्ये मात्र ही सोय मुद्दाम नाकारलेली होती. तिथवरची प्रगती नोंदवायची, म्हणजे सेव्ह करायची, तर ठरावीक जागा गाठायची आणि मोजून मिळालेल्या वस्तूंतली एक खर्च करायची. ‘रेसिडेन्ट इव्हिल’ने १९९६ मध्ये रूढ केलेला हा नियम मधल्या काळात जवळपास मोडीत निघाला होता. आता तो परत येत आहे, आणि त्यावरचा वादही.

नियम नेमका काय होता?

जपानच्या कॅपकॉम कंपनीचा आणि शिंजी मिकामी यांनी दिग्दर्शित केलेला हा गेम २२ मार्च १९९६ रोजी जपानमध्ये ‘बायोहॅझर्ड’ या नावाने सोनीच्या प्लेस्टेशनवर आला. झॉम्बींनी भरलेल्या एका हवेलीत विशेष पोलीस पथकातले काही जण अडकतात, एवढीच सुरुवात. हवेलीत मोजक्याच ठिकाणी टाइपरायटर ठेवलेले आहेत. सेव्ह तिथेच करता येते आणि दर वेळी शाईच्या रिबनचा एक वापर संपतो. रिबनी विकत मिळत नाहीत, त्या हवेलीतच शोधाव्या लागतात.

त्यात आणखी एक मेख आहे. ख्रिस या पात्राला सोबत फक्त सहा वस्तू नेता येतात, जिलला आठ. पिस्तूल, गोळ्या, औषधी वनस्पती, किल्ल्या हे सगळे त्यातच. रिबन सोबत घेतली की त्यातली एक जागा गेली. पुढच्या खोलीत किल्ली सापडली आणि ठेवायला जागाच नाही, हा अनुभव हा गेम खेळलेल्या जवळपास प्रत्येकाच्या गाठीशी असेल.

ही यंत्राची मर्यादा होती का?

अर्धवट. पहिल्या प्लेस्टेशनमध्ये हार्ड डिस्क नव्हती. नोंद वेगळ्या मेमरी कार्डावर व्हायची. त्याची क्षमता १२८ किलोबाइट, म्हणजे आजच्या फोनमधल्या एका फोटोहूनही कितीतरी कमी. त्यामुळे ‘ठरावीक ठिकाणीच सेव्ह’ हे समजण्यासारखे आहे. ‘ठरावीक वेळाच सेव्ह’ याचा मात्र कार्डाशी संबंध नाही. १९९९ मध्ये कोनामीचा ‘सायलेंट हिल’ याच प्लेस्टेशनवर आला. त्यातही ठरावीक जागा होत्या, पण सेव्ह कितीही वेळा करता यायचे. १९९६ चाच ‘टूम रेडर’ संगणकावर कुठेही सेव्ह करता येत होता, तर प्लेस्टेशनवर त्यासाठी एकदाच वापरता येणारे स्फटिक शोधावे लागत. तेव्हा रिबन ही अडचणीतून आलेली तडजोड नव्हती. तो विचारपूर्वक लावलेला नियम होता.

त्याची मुळे कॅपकॉमच्याच १९८९ च्या ‘स्वीट होम’ या गेममध्ये दिसतात. ‘रेसिडेन्ट इव्हिल’ची सुरुवातच या गेमची नवी आवृत्ती करावी या कल्पनेतून झाली. ‘स्वीट होम’मध्ये मेलेले पात्र परत येत नसे. म्हणजे चुकीची किंमत तिथेही होती, फक्त ती वेगळ्या मार्गाने वसूल व्हायची.

मग भीती नेमकी कशाची?

झॉम्बीची नक्कीच नाही. १९९६ चे ते ओबडधोबड झॉम्बी आज पाहिले तर हसूच येईल. गेममधले मरण खोटे असते, हे खेळाडूला पक्के ठाऊक असते. खरा असतो तो त्याचा वेळ. शेवटचे सेव्ह करून चाळीस मिनिटे झाली आहेत, अंगात जेमतेम जीव उरला आहे आणि समोर न उघडलेले दार आहे. अशा वेळी पणाला लागतात ती स्वतःची चाळीस मिनिटे. मिळणाऱ्या गोष्टीच्या आनंदापेक्षा हातची गोष्ट जाण्याचे दुःख माणसाला अधिक बोचते, हे डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेले निरीक्षण इथे चपखल बसते.

म्हणूनच टाइपरायटरच्या खोलीत वाजणारे शांत संगीत जुन्या खेळाडूंना आजही आठवते. त्या खोलीत शिरल्यावर वाटणारा सुटकेचा भाव बाहेरच्या धोक्यामुळेच आलेला असतो. गंमत म्हणजे रिबनींचा प्रत्यक्ष तुटवडा तितका नसतोच. जपून जपून खेळणाऱ्यांच्या पेटीत शेवटी अनेक रिबनी तशाच उरतात. संपतील ही धास्तीच पुरेशी असते.

आक्षेप काय आहेत?

पहिला आक्षेप भीतीच्या बाजूनेच घेतला जातो आणि तो बिनतोड आहे. मेल्यावर तोच पट्टा पुन्हा खेळताना झॉम्बी कुठल्या कोपऱ्यावर उभा आहे, हे माहीत झालेले असते. दुसऱ्या खेपेला धसका उरत नाही, तिसऱ्या खेपेला नुसता कंटाळा. भीती वाढवणारा नियमच ती मारतो.

दुसरा आक्षेप वेळेचा. उन्हाळी सुट्टीतल्या मुलाची चाळीस मिनिटे आणि दिवसभराच्या नोकरीनंतर रात्री तासभर मिळालेल्या माणसाची चाळीस मिनिटे सारखी नसतात. नियम एकच असला तरी दंड वेगवेगळा बसतो. मध्येच मूल रडत उठले तर? वीज गेली तर? भारनियमनाच्या वर्षांत संगणकावर खेळलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

इथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. ‘चुकलो तर मागे येता यावे’ ही एक मागणी आणि ‘आता उठायचे आहे, उद्या इथूनच खेळेन’ ही दुसरी. जुन्या गेममध्ये एकच रिबन दोन्ही कामे करायची. हा फरक किती कळीचा आहे, ते फेब्रुवारी २०१८ मध्ये आलेल्या ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ या चेक गेमने दाखवले. तो भयगेम नव्हता, पण त्यात हवे तेव्हा सेव्ह करण्यासाठी एक विशिष्ट मद्य खर्च करावे लागे. गेममधल्या तांत्रिक दोषांमुळे प्रगती वाया जाऊ लागली, तेव्हा खेळाडूंनी ओरड केली. कंपनीने मद्याची अट काढली नाही. बाहेर पडताना सेव्ह करण्याची सोय तेवढी जोडली. चुकांची किंमत कायम राहिली, उठून जाण्याची मात्र माफ झाली. या वादावर इतका सरळ तोडगा क्वचितच निघाला असेल.

सध्या स्थिती काय?

कॅपकॉमने २००५ च्या ‘रेसिडेन्ट इव्हिल ४’मध्येच रिबनी काढून टाकल्या, टाइपरायटर तेवढे राहिले. मग त्या आडवाटेने परतल्या. २०१७ च्या सातव्या भागात सर्वांत अवघड पातळीवर सेव्हसाठी कॅसेट लागतात. २०१९ मध्ये नव्याने आलेल्या ‘रेसिडेन्ट इव्हिल २’मध्ये सामान्य पातळीवर गेम आपोआपही सेव्ह होतो, तर ‘हार्डकोर’ पातळीवर रिबन शोधावी लागते. तिथे सर्वोच्च श्रेणी हवी असेल तर अडीच तासांत आणि तीनपेक्षा जास्त वेळा सेव्ह न करता गेम संपवावा लागतो. म्हणजे पूर्वी सर्वांवर असलेली सक्ती आता हौशींसाठीचा पर्याय झाली आहे.

२०२१ च्या ‘टॉर्मेंटेड सोल्स’ने मात्र मोजक्या टेप देऊन जुनीच चाल उचलली. २०१४ च्या ‘एलियन : आयसोलेशन’ने त्याआधीच निराळी वाट शोधली होती. त्यात सेव्हवर संख्येची मर्यादा नाही. पण यंत्रात कार्ड घातल्यावर तीन दिवे एकामागून एक लागेपर्यंत थांबावे लागते आणि तेवढ्यात मागून एलियन येऊन मारू शकतो.

दरम्यान, यंत्रेही बदलली. नव्या प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर गेम अर्ध्यात थांबवून यंत्र झोपवता येते आणि दुसऱ्या दिवशी त्याच क्षणापासून खेळ पुढे नेता येतो. रिबन न खर्चता टीव्ही बंद करून झोपायला जाण्याची मुभा त्यामुळे खेळाडूला मिळाली आहे. सकाळी पडदा उजळतो तेव्हा दार तसेच बंद असते, आणि अंगातला जीवही तेवढाच.