सामायिक दार, एकट्याचा लॅपटॉप

सप्टेंबरात ब्रिटनमधल्या विद्यापीठांची नवी सत्रे सुरू होतील आणि फैजपूर, सावदा, यावल, रावेर या पट्ट्यातली मुले-मुली यंदाही इकडे येतील. फैजपुरात धनाजी नाना महाविद्यालय १९६१ पासून आहे, जे. टी. महाजन अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे. तिथल्या कितीतरी घरांत आता दुसरी-तिसरी पिढी शिकते आहे आणि एखाद्याने पुढच्या शिक्षणासाठी परदेशी जाणे ही नवलाई राहिलेली नाही. निघताना घरची सगळी मंडळी एकच सांगतात, ‘सामान जपून ठेव.’ आमच्या मते भाड्याच्या सामायिक घरात राहणाऱ्यासाठी हा सल्ला अपुरा आहे. पाच जण राहतात त्या घरात एकाने कितीही जपले तरी दार बाकीच्या चौघांच्याही हाती असते. म्हणून चोरी टाळण्याचा विचार करावाच, पण लॅपटॉप गेलाच तर त्याच्याबरोबर आणखी काय काय जाऊ द्यायचे नाही, हे त्याआधी ठरवायला हवे. यातले बरेचसे काम तर मुलगा विमानात बसण्यापूर्वी फैजपूरच्या घरीच उरकता येते.

चोरी होते कशी, हे पुण्याकडे पाहिले तरी कळते. खानदेशातली हजारो मुले तिथे स्पर्धा परीक्षेसाठी, नोकरीसाठी, अभियांत्रिकीसाठी कॉट बेसिसवर राहतात. पुण्याच्या वर्तमानपत्रांतल्या गुन्हेवृत्तात एक वाक्य पुन्हा पुन्हा येते: उघड्या दरवाजावाटे खोलीत शिरून लॅपटॉप आणि मोबाइल चोरले. वेळ बहुधा पहाटेची किंवा सकाळची. एक जण अभ्यासिकेत जायला बाहेर पडतो, कडी न लावता दार नुसते लोटून घेतो, बाकीचे झोपलेले असतात, आणि उशाशी चार्जिंगला लावलेल्या वस्तू दोन मिनिटांत जातात. कुलूप तोडलेले नसते, कुणाला आवाज आलेला नसतो. इंग्लंडमधल्या विद्यार्थी-घरांतही वेगळे काही नाही. तळमजल्याची खिडकी थंडी सुरू होईपर्यंत उघडी राहते. पार्टीच्या रात्री पुढच्या दाराने कोण आले, कोण गेले, हे कुणी पाहत नाही. कायद्याने एकाहून अधिक कुटुंबांतले मिळून पाच किंवा अधिक लोक राहतात त्या घराला परवाना लागतो. पण परवाना आग, स्वच्छता, खोल्यांचे आकार पाहतो, रात्री शेवटी आलेल्याने दार लावले की नाही ते पाहत नाही.

तरीही खरे नुकसान यंत्राचे नसते. यावल-रावेरच्या केळी बागायतदाराला हे समजावून सांगायला नको. शेतातल्या पंपाची केबल चोरीला जाते तेव्हा चोराला त्यातल्या तांब्याचे थोडेसेच पैसे मिळतात. इकडे मे महिन्याच्या उन्हात पंप बंद पडतो, ठिबक थांबते आणि निसवणीला आलेली बाग करपते. लॅपटॉपचे तसेच आहे. ६०-७० हजारांचे यंत्र चोरबाजारात किरकोळ किमतीला जाते. विद्यार्थ्याचा मात्र त्यात वर्षभराचा प्रबंध असतो, बँकेचे खाते असते, ईमेल असते, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती असतात. शैक्षणिक कर्जातून गरजेचा संगणक घेता येतो, म्हणजे चोरी झालेल्या यंत्राचे हप्ते पुढेही चालू राहतात. पण हप्ते फेडता येतात. जमा करायच्या आठवड्यात गेलेला प्रबंध पुन्हा लिहिता येईलच असे नाही.

म्हणून यंत्र आणि त्यातले काम यांची फारकत करणे हाच पहिला उपाय आहे. बहुतेकांना वाटते की पासवर्ड आहे, आता कोण उघडणार? पण नुसता पासवर्ड दाराच्या पाटीइतकाच उपयोगी. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की आतल्या फायली वाचता येतात. त्या वाचता येऊ नयेत म्हणून डिस्क एन्क्रिप्ट करावी लागते. विंडोजमध्ये त्यासाठी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन आहे, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट आहे. वेगळे पैसे न देता ते चालू करता येते, आणि नव्या यंत्रांत अनेकदा आधीपासूनच चालू असते. दुसरी गोष्ट प्रतींची. विद्यापीठ साधारणपणे प्रत्येकाला क्लाउडवर जागा देते, तिचा वापर करावाच. मात्र क्लाउडवर आपोआप जुळत राहणारी फाइल चुकून पुसली तर तिकडेही पुसली जाते, म्हणून आठवड्यातून एकदा वेगळ्या डिस्कवर प्रत घ्यावी. ही डिस्क लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नये. पासपोर्टही त्या बॅगेत नको.

एक अडचण मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. लॅपटॉप आणि फोन एकाच टेबलावर, एकाच सॉकेटपाशी चार्ज होतात आणि म्हणून एकाच वेळी जातात. मग ईमेल उघडायचे तर ओटीपी चोरलेल्या फोनवर जातो, बँकेत शिरायचे तर तोही तिकडेच. भारतातले सिम दुसरे काढायचे तर ज्याच्या नावावर ते आहे त्याला ओळख पटवावी लागते, आणि तो असतो लंडनला किंवा लीड्सला. सगळे क्लाउडवर आहे म्हणणारा विद्यार्थी त्या दिवशी स्वतःच्याच क्लाउडच्या बाहेर उभा असतो. याला उपाय साधा आहे. खात्यांचे बॅकअप कोड आणि एन्क्रिप्शनची रिकव्हरी की कागदावर लिहून एक प्रत स्वतःच्या कपाटात आणि एक आई-वडिलांकडे ठेवावी. एन्क्रिप्शन केले आणि पासवर्ड विसरलो तर आपणच अडकू, ही अनेकांची भीती रास्त आहे. तिलाही हाच कागद उत्तर आहे.

दुसरा कागद यंत्राच्या ओळखीचा. सामानाचे वजन वाचवायला लॅपटॉपचे खोके बहुतेक जण गावीच टाकून येतात. त्या खोक्याच्या कडेला बारकोडचे पांढरे लेबल असते आणि त्यावर मॉडेल व सिरियल नंबर छापलेला असतो. फैजपूरच्या माळ्यावर पडलेले ते खोके रद्दीत देऊ नका, लेबलाचा आणि खरेदीच्या बिलाचा फोटो काढून ठेवा. याचे महत्त्व असे की, मोबाइलला आयएमईआय असतो, तो भारतात संचार साथीवर कळवून फोन बंद पाडता येतो. सर्वसाधारण लॅपटॉपला अशी सोय नाही. सापडलेले यंत्र आपलेच, हे सिरियल नंबरावरूनच सिद्ध होते. ब्रिटनमध्ये इमोबिलाइज नावाच्या नोंदवहीत तो विनामूल्य नोंदवता येतो आणि सापडलेल्या वस्तूंचा मालक शोधताना पोलीस ती पाहतात. चोरी झाली की तातडीचा प्रसंग नसेल तर १०१ वर किंवा ऑनलाइन कळवून गुन्ह्याचा क्रमांक घ्यावा. विमा कंपनी सर्वांत आधी तोच मागते. पुण्यात राहणाऱ्यांनीही वस्तू हरवल्याच्या नोंदीवर समाधान मानू नये. चोरी ती चोरी म्हणूनच नोंदवावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी, माहिती नोंदवून घेण्याची तरतूद स्पष्टपणे केली आहे.

विम्याबद्दल आक्षेप खर्चाचा येतो, आणि जेमतेम पैशांत महिना काढणाऱ्या मुलाच्या तोंडी तो गैर नाही. पण आधी चौकशी करावी. विद्यापीठाच्या वसतिगृहांत सामानाचा मूळ विमा अनेकदा भाड्यातच असतो. खासगी घरात तो स्वतः घ्यावा लागतो, आणि तिथे बारीक अक्षरांतली एक अट वाचायलाच हवी. सामायिक घरांच्या अनेक पॉलिसींत, आपल्या खोलीला कुलूप होते आणि ते फोडून चोर आत शिरला याची खूण दाखवावी लागते. म्हणजे सर्वांत जास्त घडणाऱ्या प्रकारात, उघड्या दारातून झालेल्या चोरीत, हाती काहीच येत नाही. आमच्या मते विम्याच्या आधी खोलीच्या दाराला चालू कुलूप असणे महत्त्वाचे. ते नसेल तर करारावर सही करण्यापूर्वीच घरमालकाकडे मागावे. टेबलाला यंत्र बांधणारी तार कापता येते हे खरे, पण हाताला लागेल ते उचलून पळणाऱ्याला ती पुरते.

उरतो तो सर्वांत नाजूक आक्षेप. खोलीला कुलूप लावणे म्हणजे सोबत राहणाऱ्यांवर अविश्वास दाखवणे, असे आपल्या मुलांना वाटते. एका ताटात जेवायचे आणि खोलीला कुलूप घालायचे, हे आपल्या संस्कारात बसत नाही. आम्ही याच्या नेमके उलट मानतो. कुलूप नसलेल्या घरात काही न तोडता चोरी झाली की पहिला संशय घरातल्याच माणसावर जातो. बाहेरचा चोर सापडत नाही, आणि वर्षभर एकाच स्वयंपाकघरात वावरायचे असलेल्या माणसांचे बोलणे बंद होते. शेवटी येणाऱ्याने पुढचे दार लावायचे, पाहुणे आले की खोल्या बंद करायच्या, चावी कुणाला द्यायची नाही, हे पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी मिळून ठरवले तर त्यात कुणाचा अपमान नाही. अशा ठरावाने प्रामाणिक सोबत्याला संशयापासून वाचवले जाते.

इथे ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींना आमची विनंती आहे. गावाकडून ‘आमच्या पोराकडे लक्ष ठेवा’ असा फोन आला की हो म्हणाच, पण त्याच फोनवर खोक्यावरच्या लेबलाचा फोटो काढायला सांगा, रिकव्हरी की आणि बॅकअप कोड कागदावर उतरवून घ्यायला सांगा, आणि एन्क्रिप्शन चालू आहे का ते मुलाला त्याच दिवशी तपासायला लावा. हे काम तासाभराचे आहे आणि विमानतळावर जाण्यापूर्वीच व्हायला हवे.