संगणकालाही हवा लेखापरीक्षक

खडेबाजारातील काकांच्या दुकानात संगणकाला राखणदार होता. तरीही कुणाच्या पेन ड्राइव्हमधून विषाणू शिरला आणि आठवड्याचा जमाखर्च पुन्हा लिहावा लागला. विषाणूला मराठी-कानडी भेद ठाऊक नसतो!

मग दोन राखणदार ठेवावेत काय? नव्हे. दोघे एकाच वेळी पहाऱ्यावर असले की एकमेकांवरच संशय घेतात, यंत्र मंदावते. दुसरा हवा तो बोलावल्यावरच तपासणारा. विंडोजमध्ये २०१६ पासून, पहिला राखणदार तसाच ठेवून, ‘डिफेंडर’कडून अधूनमधून तपासणी करून घेण्याची सोय आहे, तीही मोफत. वाणिज्यच्या विद्यार्थ्यांनो, रोजकीर्द मुनीम लिहितो, तपासतो लेखापरीक्षक! मात्र लेखापरीक्षक हरवलेली वही परत देत नाही; दुसरी प्रत वेगळी ठेवलीच पाहिजे.